मनाचे दुखणे आणि घरची बोली

नांदेडच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या बाकावर सकाळी अर्धा तास बसून पाहावे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची मंडळी आपसात तेलुगूत बोलत असतात. किनवट-माहूरच्या तांड्यांवरून आलेल्या बाया गोरमाटीत कुजबुजतात. इतवाऱ्यातली आजी सुनेला दखनीत दटावते, तर गुरुद्वारा परिसरातले एखादे कुटुंब पंजाबी आणि दखनीची मिसळ बोलत असते. लातूरला गेलात तर उदगीर, देवणी, निलंगा या भागांतून आलेल्यांच्या तोंडी कन्नड ऐकू येते. 1948 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. सीमा पुढे बदलल्या, पण घरातली बोली सीमेबरोबर बदलत नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 61 हजार आणि लातूरची 24 लाख 54 हजार होती. एवढ्या माणसांची आजारपणे काही एकाच भाषेत होत नाहीत.

हात मोडला तर भाषेची फारशी अडचण येत नाही. क्ष-किरण चित्रात मोडलेले हाड मोडलेलेच दिसते, मग रुग्णाची मातृभाषा कोणतीही असो. मनाच्या आजारासाठी असे चित्र नाही. रुग्ण जे बोलतो तीच तपासणी, आणि डॉक्टर जे बोलतो तो उपचाराचा निम्मा भाग. म्हणून मनोविकारांवर उपचार करणाऱ्या माझ्यासारख्याला औषधांच्या नावांइतकीच शब्दांची काळजी वाहावी लागते.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये देशातल्या बारा राज्यांत मोठी पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, तरी चित्र आपल्याकडे फार निराळे असेल असे मला वाटत नाही. शंभर प्रौढांमध्ये दहा-अकरा जणांना उपचार लागावा असा काही ना काही मानसिक आजार आढळला. नैराश्य, चिंतारोग यांसारखे नेहमीचे आजार असणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 85 जणांना कसलाच उपचार मिळत नव्हता. डॉक्टर कमी आहेत, हे एक कारण झाले. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, म्हणजे आपल्यापासून सगळीच लांब. पण आता मोबाईल घरोघरी आहे, सरकारी फोनसेवा आहे, मनाच्या आरोग्याची माहिती सांगणाऱ्या चित्रफिती हातोहात फिरतात. तरीही माणसे येत नाहीत. याचे एक कारण असे की, त्या माहितीत आपल्याबद्दल काही बोलले जाते आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

उदाहरण घ्या. चित्रफितीतला आवाज विचारतो, ‘आपण नैराश्याने ग्रस्त आहात का?’ मुखेडच्या शेतमजूर बाईला नैराश्य हा शब्द माहीत नाही. तिचे दुखणे ‘करमंना’, ‘जीव लागंना’, ‘काळजात धसधस होतंय’, ‘डोकं जड झालंय’, ‘लई इचार येतेत’ या शब्दांत आहे. नैराश्य नको म्हणून कोणी इंग्रजी ‘डिप्रेशन’ वापरले, तर काहींना तो ब्लडप्रेशरचाच एक प्रकार वाटतो. ‘मला डिप्रेशर हाय’ असे सांगून रक्तदाब मोजायला दंड पुढे करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ‘समुपदेशन’ हा शब्द तर सरकारी फलकाबाहेर कोणी वापरत नाही, आणि ‘कौन्सिलिंग’ म्हणावे तर लातुरात त्याचा अर्थ मेडिकलच्या प्रवेशाची फेरी असा होतो! परीक्षेच्या ताणाने झोप उडालेल्या मुलाला ‘तू कौन्सिलिंगला जा’ म्हटले, तर तो विचारील, ‘निकाल तर लागू द्या, सर.’

शब्दांची आणखी एक गंमत आहे, आणि ती केवळ गंमत नाही. ‘बेजार’ हा फारसीतून आलेला शब्द आपल्या भागातल्या बहुतेक भाषांत आहे. मराठीत बेजार म्हणजे त्रासून, थकून गेलेला. दातदुखीने माणूस बेजार होतो, पोरांनीही बेजार होतो. उर्दूत त्यात वीट आल्याची, नकोसे झाल्याची छटा आहे. कन्नड माणूस ‘बेजार’ म्हणतो तेव्हा त्याला कधी कंटाळा म्हणायचा असतो, तर कधी सरळ सरळ दुःख. निलंग्याकडची कन्नड बोलणारी बाई ‘बेजार आहे’ एवढेच म्हणाली, तर ऐकणारा मराठी माणूस ‘होतं असं, दमला असाल’ म्हणून सोडून देईल. तिला कदाचित सांगायचे असेल की नवरा गेल्यापासून एक दिवस हसू आलेले नाही. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अर्थही ओळखीचा असेल असे धरून चालू नये. ‘बेजार म्हणजे कसं? दिवसभर काय होतं?’ हे विचारायला अर्धे मिनिट लागते.

दुसरा शब्द वारा. मनाचे बिनसले की मराठीत ‘बाहेरचं वारं लागलं’ म्हणतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये वाऱ्याला गाली किंवा गाळी म्हणतात आणि तोच शब्द भुताखेताच्या बाधेलाही वापरतात. दखनी-उर्दू बोलणारे ‘ऊपरी हवा’ म्हणतात. चार भाषा, धर्म निरनिराळे, पण सगळ्यांनी मनाच्या विकाराला वाराच म्हटले! मला यात अडाणीपणापेक्षा निरीक्षण अधिक दिसते. दिसत नाही, हाती लागत नाही, पण झाड हलते, असाच तो आजार असतो. मात्र दुभाष्याने इथे सावध राहावे. मराठीत ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे अर्धांगवायू. तेलुगूभाषक रुग्णाची ‘गाली’ मराठीत नुसती ‘वारं’ म्हणून उतरवली, तर डॉक्टर हातापायांची ताकद तपासत बसेल आणि ज्या भीतीने तो माणूस आठ दिवस जेवला नाही ती भीती तशीच घरी परत जाईल.

कोणी ‘बाहेरचं’ म्हणाले की आपले सुशिक्षित वाचक लगेच चिडतात. माझे म्हणणे असे की, पहिल्या भेटीत तरी चिडू नये. देवाला, दर्ग्याला जाणाऱ्या माणसाला ‘आधी ते सोडा, मग औषध देतो’ असे सांगितले तर तो औषध सोडतो. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ हातात हात घालून चालवण्याचा उपक्रम झाला. दर्ग्याचे मुजावर आजाराची लक्षणे ओळखायला शिकले आणि आलेल्यांना तिथल्याच डॉक्टरकडे पाठवू लागले. पण साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणे यांना श्रद्धेच्या नावाखाली जागा नाही. तामिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे पळता आले नाही आणि 28 जण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास बंदी केली आहे. आपल्या गावात कुठे असे दिसले तर गप्प बसू नये.

आता प्रश्नावलीकडे वळू. नैराश्य ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. ती 1999 मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि तिची मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, कन्नड भाषांतरे आहेत. यादी चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण तिचा पहिलाच प्रश्न पाहा. कामे करण्यात रस किंवा आनंद कमी वाटतो का, असा तो आहे. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईला हा विचारला की ती आपल्याकडे बघत राहते. ‘कामात कसला आनंद, साहेब? काम ते काम.’ कागदावर खूण पडते आणि एक ठणठणीत बाई आजारी ठरते. उलट तिची आजारी जाऊ ‘बरं हाय’ म्हणून सुटते. हाच प्रश्न घरच्या बोलीत असा विचारावा: पोळ्याला, जत्रेला जावंसं वाटतं का? नातू मांडीवर येऊन बसला तर बरं वाटतं का? माहेरचं माणूस आलं तर उठून चहा टाकावा वाटतो का? मुसलमान घरात ईदची तयारी, शेवया, नवे कपडे यांत मन आहे का, हे विचारावे. तांड्यावर तीजेच्या वेळी मुलींच्या गाण्यात ती बसली होती का, हे विचारावे. मोजायचे तेच आहे, पण आता उत्तर देणाऱ्याला प्रश्न कळलेला असतो.

शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. आपल्याकडे ‘मेलेलं बरं’ हे वाक्य बाया दिवसातून दहादा म्हणतात, भाकरी करपली तरी म्हणतात. त्यामुळे ऐकणाऱ्याचे कान बोथट होतात आणि ज्या दिवशी ते वाक्य खरे असते त्या दिवशीही ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिले जाते. अशा वेळी स्पष्ट विचारावे: ‘जीव द्यावा असं खरंच मनात येतं का? रोज येतं का? काही ठरवलंय का?’ विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा हलके वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटे ठेवू नये, फवारणीचे औषध कुलपात किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यावर पोलीस केस होते या भीतीने अनेक कुटुंबे रुग्ण लपवतात. 2017 च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. ही गोष्ट तेलुगूत, दखनीत, गोरमाटीत अजून पुरेशी पोहोचलेली नाही. नैराश्याच्या व्याख्येआधी हीच सांगायला हवी, असे माझे मत आहे.

घरच्या शब्दांपासून सुरुवात केली तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारे शहरात दवाखान्यांच्या आवारात बाकडी मांडली आणि वस्तीतल्या आजीबाईंना शिकवून त्यांवर बसवले. तिथल्या शोना भाषेत अति विचार करण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. आजीबाई आजाराचे इंग्रजी नाव न घेता याच शब्दाने बोलणे सुरू करीत. आपल्याकडचे ‘लई इचार येतेत’ ते हेच! 2016 मध्ये त्याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या बाकड्यांनी रुग्णांची लक्षणे खरोखर कमी होतात असे दिसले. दुसरे उदाहरण जवळचे, अमरावती जिल्ह्यातले. तिथल्या खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले होते. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी फक्त 4 जण मदत घेत होते, नंतर हे प्रमाण 27 वर गेले. दोन्हीकडे नवी औषधे आली नव्हती. बोलणारे माणूस ओळखीचे होते.

आपल्याकडे 2015 पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघरी गेल्या. त्याचा फायदा झाला, पण आशाताईची आणि घराची बोली एक असेल तिथे अधिक. किनवटच्या कोलामपोडात कोलामी बोलणारी, तांड्यावर गोरमाटी बोलणारी कार्यकर्ती असेल तर अर्धे काम तिथेच होते. नसेल तर दुभाषी लागतो, आणि इथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. घरातले मूल दुभाषी करू नये. आईच्या मनात मरणाचे विचार येतात हे दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरला भाषांतर करून सांगायचे, हे त्या मुलीवर ओझे आहे. सासूने सुनेचे आणि नवऱ्याने बायकोचे भाषांतर करणेही तसेच, कारण नेमके जे सांगायचे ते त्यांच्यासमोर निघत नाही. त्यापेक्षा दवाखान्यातली तेलुगू जाणणारी परिचारिका, उर्दू शाळेच्या बाई, औषधदुकानातला कन्नड बोलणारा मुलगा यांपैकी कोणीही चालेल, मात्र रुग्णाला विचारून आणि गुप्ततेचे वचन घेऊन. दुभाष्याला एकच सूचना द्यावी, की ती जे म्हणाली तेच सांगायचे, आपल्याला काय वाटले ते नाही.

फोनवरून मदत हवी असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत, वीस भाषांत. मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड या भाषा त्यात आहेत. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, तेव्हा घाईत मराठीचे बटण दाबू नये, जी भाषा रडताना तोंडी येते ती निवडावी. गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांची मात्र इथेही पंचाईत आहे. तांड्यावरच्या शिकलेल्या मुलांनी, बचतगटाच्या महिलांनी ही उणीव थोडीफार भरून काढता येईल. दोन मिनिटांचे बोलणे आपल्या बोलीत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. लिहिलेल्या पत्रकापेक्षा ते बरे, कारण वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येते. झोप, भूक, विचार, भीती यांबद्दल आधी बोलावे, आजाराचे नाव शेवटी घ्यावे किंवा घेऊही नये. ‘येडा’, ‘पागल’, ‘मेंटल’ हे शब्द चुकूनही नकोत. मग ते चार-पाच जणांना ऐकवून विचारावे, ‘काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ त्यांनी भलतेच सांगितले तर बोलणे बदलावे. शहरी दिवाणखान्यात डोके धरून बसलेल्या मुलीचे चित्र बरोबर जोडू नये. आपल्या बाया अशा बसत नाहीत, त्या आजारपणातही भांडी घासत असतात, आणि म्हणूनच त्यांचा आजार घरच्यांना दिसत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरची कितीतरी घरे दिवाळीच्या सुमारास बंद होतात ती उन्हाळ्यात उघडतात. कोपीवर फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुकादमाच्या खिशात. अशा बाईने फोन केला तर तिला बोलायला पाच मिनिटेच असतात. तिने आधी विचारावे, ‘मी एकटी नाही, हो-नाही एवढंच बोलेन, चालेल का?’ समोरचा माणूस शिकलेला असेल तर तो तसे प्रश्न विचारील. उपचार चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरला कारखान्याचे ठिकाण सांगून औषधे जास्त दिवसांची घ्यावीत आणि चिठ्ठी सोबत ठेवावी. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा महिन्याने बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हे वाक्य मी प्रत्येकाला त्याच्या भाषेत म्हणून दाखवायला लावतो.

उपवासाबद्दलही एक सांगणे आहे. रमजानचे रोजे असोत की नवरात्राचे कडक उपवास, बहुतेक गोळ्यांच्या वेळा बदलून घेता येतात. सहरी आणि इफ्तारला, किंवा फराळाच्या वेळी त्या बसवता येतात. डॉक्टर रागावेल म्हणून लपवू नका, आणि डॉक्टरांनीही न विचारता ‘उपवास बंद’ म्हणू नये. मात्र लिथियम ही गोळी चालू असणाऱ्यांनी रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरला भेटलेच पाहिजे. अंगातले पाणी कमी झाले की या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जावे. मराठवाड्याचा मे महिना उपवास नसतानाही हे करू शकतो.

प्रत्यक्ष तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसे ठरलेल्या वारी काही ग्रामीण रुग्णालयांत येतात, तो वार आपल्या रुग्णालयात विचारून घ्यावा. जाताना घरची भाषा केसपेपरवर लिहायला सांगा. नाव, वय, पत्ता याबरोबर तीही लिहिली तर पुढच्या खेपेला ती बोलणारी परिचारिका बोलावून ठेवता येते. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, फक्त एक ओळ वाढते.